वही दप्तरात राहू दे

वाचायला अडतं म्हणजे विचार करायलाही अडत असणार, हा समज आधी मनातून काढून टाक, बाळ. तुझ्या वर्गात येणारी बरीचशी मुलं बुद्धीने कुणापेक्षाही कमी नाहीत. त्यांची अक्षरं उलटसुलट होतात, ओळ सुटते, लिहिताना बोटं भरून येतात, हातच्याचा गोंधळ होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. आपल्या महाराष्ट्रात दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती त्याच्याही आधीपासून आहेत. पण त्या परीक्षेपुरत्या. एरवी वर्षभर ते पोर वर्गात गप्पच असतं, कारण आपल्याकडे बोलायची पाळी येते धडा वाचून झाल्यावर, आणि त्याचा धडा कधी वाचून होतच नाही. म्हणून मुलांशी तत्त्वज्ञानाच्या गप्पा मारायचा जो तास तू घेणार आहेस, त्या तासाला वही, पुस्तक, पेन्सिल सगळं दप्तरात. याला अपवाद करू नकोस.

या विषयावरची पुस्तकं वाचशील तेव्हा एक ध्यानात ठेव. मुलांबरोबर तत्त्वज्ञान करायची पद्धत बांधली ती अमेरिकेतल्या मॅथ्यू लिपमन यांनी. मुलांनी गोल करून बसायचं, प्रश्न मुलांनीच काढायचे, त्यातला एक निवडून एकमेकांना कारणं विचारायची. १९७४ मध्ये त्यांनी या कामासाठी माँटक्लेअरला संस्थाही उभी केली. रीत उत्तमच आहे. पण त्यांचा तास सुरू होतो गोष्टीतला उतारा मुलांनी आळीपाळीने मोठ्याने वाचण्यापासून, आणि नेमकं तिथेच आपलं पोर घामाघूम होतं. तू गोल घे, प्रश्न घे, वाचन सोडून दे. गोष्ट तू तोंडी सांग. त्याहून बरं म्हणजे मुलांच्या हातात काहीतरी दे.

हेही काही नवं नाही. छांदोग्य उपनिषदातला श्वेतकेतू बारा वर्षं शिकून घरी आला तो ताठ मानेने. त्याला वडिलांनी, उद्दालकांनी, आणखी एक ग्रंथ दिला नाही. रात्री पाण्यात मीठ टाकायला सांगितलं आणि सकाळी तेच मीठ परत मागितलं. मग पाणी वरून चाख, मधून चाख, तळातून चाख. तुझा पहिला तास हाच असू दे. आपल्या पनवेल-उरण-पेणच्या मुलांना मिठागरं काय असतात हे सांगावं लागत नाही. दोन तांबे पाणी, मूठभर खडे मीठ, आणि प्रश्न एकच: मीठ आहे की गेलं? कुणी म्हणेल आहे, कुणी म्हणेल विरघळलं म्हणजे संपलं. ‘न दिसणारं आहे हे कशावरून?’ एवढंच तू विचारायचं. पुढे मुलं वाऱ्यावर जातात, रागावर जातात, वारलेल्या आजोबांवर जातात. त्यांना जाऊ दे. तू मागून चाल.

नंतरचे विषय शोधायला लांब जाऊ नकोस. एसटी महामंडळाच्या दापोडीच्या कार्यशाळेत जुन्या गाडीच्या चासीवर नवी बॉडी चढवतात. मग स्टँडवर येऊन लागली ती गाडी जुनीच की दुसरी? टायर बदलले तर? इंजिन बदललं तर? नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला रथाबद्दल हेच विचारलं होतं, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का; पण ते नंतर सांग, मुलांचं बोलून झाल्यावर. आधी सांगितलंस तर उत्तर पुस्तकात आहे असं त्यांना वाटेल आणि ती पुन्हा गप्प होतील. नवी मुंबईच्या विमानतळासाठी आपल्याच पनवेल तालुक्यातली गावं उठली, उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं. घरं नवीन जागी बांधली, देऊळ नवीन बांधलं, नाव तेच ठेवलं. गाव तेच का? हा प्रश्न फार मोठा आहे आणि तो इथल्या मुलांचा स्वतःचा आहे. मात्र वर्गात अशा घरातलं मूल असेल तर आधी एकटं गाठून त्याला विचार. त्याला नको असेल तर गाव बाजूला ठेव, एसटीच घे.

आता तास चालवायचा कसा ते. एका वेळी एकच प्रश्न, तोही फळ्यावर चित्राने. ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं यातल्या अनेकांना जड जातं. दुसऱ्याचं ऐकता ऐकता आपला मुद्दा निसटतो. म्हणून प्रत्येकाचं म्हणणं झालं की तू ते त्याच्याच शब्दांत पुन्हा म्हण आणि ‘असंच ना?’ असं विचार. शब्द सुधारायचे नाहीत. घरी आगरी बोलणारं पोर आगरीत बोलेल, वाडीवरून येणारं कातकरीत, कळंबोली-कामोठ्यातलं हिंदीत. कळत नसेल तर शेजारचं मूल समजावून सांगतं, आणि त्यात त्याचंही डोकं चालतं.

प्रश्न विचारल्यावर थांबायला शीक. मेरी बड रो नावाच्या संशोधक बाईंनी सत्तरच्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक उत्तराची वाट जेमतेम एक सेकंद बघतात, आणि तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारी बोलू लागतात. आपल्या मुलांना तीनही पुरत नाहीत. शब्द ओठांवर येऊन अडकतो, तेव्हा तो तू पुरा करायचा नाहीस. मनात दहापर्यंत मोज. शांतता तुला खाईल, मुलांना नाही.

बोलणाऱ्याच्या हातात एक करवंटी दे. ती ज्याच्याकडे तो बोलेल, आणि न बोलता पुढे द्यायचीही मुभा ठेव. मत घ्यायचं तर हात वर नकोत. पटलं ते खिडकीकडे, नाही पटलं ते दाराकडे, ठरत नाही ते मधे. एका जागी न बसणाऱ्या पोरांना चालायला मिळतं, आणि मत बदललं की चार पावलं टाकून ते सगळ्यांदेखत बदलता येतं. मोठ्या माणसांनाही हे जमत नाही.

तुझ्या वर्गात बौद्धिक अक्षमता असलेली एक-दोन मुलंही असतील. ते वेगळं आहे, दोन्हींची सरमिसळ करू नकोस. पण त्यांना तासातून बाहेरही ठेवू नकोस. एक खरं जास्वंदीचं फूल दे, एक कागदाचं. खरं कुठलं? का? बोटाने दाखवलं तरी ते उत्तरच आहे.

तात्पर्य विचारू नकोस. आपल्या शाळेला बोधाची फार सवय. तुझ्या आवाजात ‘तर मुलांनो’ आलं की मुलं ओळखतात, खरं उत्तर बाईंकडेच होतं. तास अर्धवट संपला तरी चालेल.

आणि एक प्रश्न येणारच, त्याची तयारी ठेव. ‘बाई, मी ढ आहे का?’ आपला जीव लगेच कळवळतो आणि तोंडातून निघतं, ‘नाही रे, तू हुशारच आहेस.’ तसं म्हणू नकोस. त्याने हे वाक्य घरी, शाळेत, शिकवणीत ऐकलेलं असतं आणि त्याचा त्यावर विश्वास नसतो. तोच प्रश्न गोलात ठेव, पण त्याचं नाव काढून: हुशार कुणाला म्हणायचं? मुलं आधी मार्क सांगतील. मग म्हण, मार्क नसलेलं एखादं माणूस आठवा. कुणाची आजी अंगठा लावते आणि कोळीवाड्यातून मासळी घेताना पैशाला चुकत नाही. कुणाचा काका गाडीचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगतो. मग विचार, हे हुशार असतील तर मार्क नक्की काय मोजतात? इथे तू बहिणाबाई चौधरींचं सांग. १८८० ला जन्मल्या, अक्षरओळख नव्हती, जात्यावर आणि शेतात गात राहिल्या. मन, संसार, मरण यांवरच्या त्यांच्या ओव्या घरच्यांनी लिहून ठेवल्या आणि त्या गेल्यावर, १९५२ मध्ये, त्यांचं पुस्तक निघालं. लिहिता न येणाऱ्या बाईचा विचार आज सगळा महाराष्ट्र वाचतो. हे सांग आणि गप्प बस. ते पोर पुढे काय बोलतं ते कान देऊन ऐक, आणि जे बोलेल ते त्याच्या आई-वडिलांना त्याच्याच शब्दांत कळव. ‘याचा मार्कांना उपयोग काय’ असं विचारायला ते येतीलच. तेव्हा वादात न पडता त्यांना एकदा मागच्या बाकावर बसवून घे.

शेवटचं. डिसेंबर उजाडला की हा तास सराव परीक्षेसाठी मागतील, तेही गोड बोलून. देऊ नकोस. वेळापत्रकात त्याला नाव लिहून घे, जूनमध्येच, मुख्याध्यापकांच्या सहीने.