जमिनीतला कर्ब : टक्का वेगळा, टन वेगळा



पाचट जाळू नका, खोडव्याच्या सरीत दाबा, असे आम्ही दर हंगामात सांगत आलो आहोत. आता या पाचटाला नवे गिऱ्हाईक भेटले आहे. जमिनीत साठलेल्या कर्बाचे पैसे देतो म्हणणारी मंडळी बांधावर येऊ लागली आहेत. एक टन कार्बन डायऑक्साइड म्हणजे एक कार्बन क्रेडिट, असा त्यांचा हिशेब. केंद्र सरकारनेही २०२३ साली क्रेडिटच्या व्यवहारासाठी योजना अधिसूचित केली. पण काट्यावर वजन झाल्याशिवाय आपण ऊस देतो का? मग मोजणी समजून घेतल्याशिवाय करारावर सही कशाला?

माती परीक्षणाच्या पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचा टक्का असतो. ०.५० च्या खाली कमी, ०.७५ च्या वर जास्त, असे साधारण धरतात. खताची मात्रा ठरवायला एवढे पुरते. साठा काढायला पुरत नाही, कारण तो टक्का किती वजनाच्या मातीचा हे पत्रिकेत नसते. त्यासाठी मातीची घनता हवी. १० सें.मी. व्यासाची व तेवढ्याच उंचीची, दोन्ही तोंडे उघडी असलेली लोखंडी नळी वर फळी ठेवून हळूहळू ठोकावी, माती न दाबता काढावी, दोन्ही तोंडाशी सुरीने साफ कापावी. नळीत ७८५ घन सें.मी. माती बसते. १०५ अंशांवर २४ तास वाळवून ती ९८१ ग्रॅम भरली, तर घनता १.२५.

आता टक्का, घनता आणि सेंटीमीटरमधली खोली यांचा गुणाकार केला की हेक्टरी टन निघतात. ०.६० टक्के, १.२५ घनता, ३० सें.मी. खोली : २२.५ टन कर्ब.

खरी गोम पुढेच आहे. समजा तोडणीच्या वेळी ओल्या रानात ट्रॅक्टर-ट्रॉली फिरल्या आणि घनता १.३५ झाली. टक्का तोच. गुणाकार मात्र २४.३ टन! म्हणजे १.८ टन कर्ब 'वाढला', कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत सुमारे ६.६ टन. प्रत्यक्षात मूठभर पाचटही कुजलेले नाही; जमीन तेवढी आवळली. उलट ज्याने रान भुसभुशीत केले त्याचा साठा कागदावर घटलेला दिसेल. म्हणून दोन्ही वेळा सारख्या खोलीची नव्हे, सारख्या वजनाची माती तोलावी. पहिल्या वेळी हेक्टरी ३,७५० टन माती ३० सें.मी.त होती, आवळलेल्या रानात ती सुमारे २७.८ सें.मी.त बसते. तेवढाच कर्ब धरायचा. काळी जमीन ओलीने फुगते, वाळली की आकसते, तेव्हा दोन्ही वेळा वाफसाही सारखा असावा.

प्रयोगशाळेचेही पाहावे लागते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वॉकली-ब्लॅक पद्धत चालते. ती १९३४ सालची. ती चुनखडीतला कर्ब धरत नाही. माती जाळून मोजणारे यंत्र मात्र तोही धरते, आम्लाने आधी काढला नाही तर. चुनखडीच्या रानात पहिली पत्रिका एका पद्धतीची आणि दुसरी दुसऱ्या पद्धतीची असली तर तुलनाच खोटी. क्षारपड जमिनीतील क्लोराइडमुळे वॉकली-ब्लॅकचा आकडा फुगतो, हेही लक्षात असू द्या.

नमुना घेताना वरचे पाचट बाजूला सारावे, मुळ्या चाळून काढाव्यात. पाचट कुजून मातीत मिसळेपर्यंत तो मातीतला कर्ब नव्हे. ०–१५ आणि १५–३० सें.मी. असे दोन थर वेगळे ठेवावेत. सरी आणि वरंबा दोन्हीतून, प्लॉटभर पंधरा-वीस ठिकाणी माती घ्यावी. बांधाकडेला, झाडाखाली, उकिरड्याजवळ घेऊ नये. जागांचे बांधापासूनचे अंतर वहीत टिपावे, पुढच्या वेळी तिथेच जायचे आहे. ०.६० चा ०.६३ झाला म्हणून हुरळू नये. एवढा फरक एकाच रानात दोन हात सरकले तरी पडतो. तीन ते पाच वर्षांनी मोजावे, आणि पाचट न ठेवलेला थोडा तुकडा तुलनेला राखावा.

इंग्लंडात रॉथमस्टेडला १८४३ पासून गव्हाचा एक प्रयोग चालू आहे आणि तिथल्या जुन्या मातीचे नमुने बाटल्यांत जपून ठेवले आहेत. आपणही वाळवलेली, चाळलेली पावशेर माती झाकणबंद बरणीत ठेवावी, वर गट नंबर, थर व तारीख लिहून. पुढे वाद निघाला तर जुनी आणि नवी माती एकाच दिवशी एकाच प्रयोगशाळेत देता येते. करारात कोणती खोली, कोणती पद्धत, फेरतपासणी कोण करणार आणि तिचा खर्च कोणाच्या माथी, ही चार उत्तरे लेखी मागावीत. खोडव्याची तोडणी झाल्यावर, खत घालण्याआधी नमुना घ्यावा. नळी गट ऑफिसात ठेवली आहे. चिटबॉयकडे एक दिवस आधी नाव द्यावे.