नगरच्या रानाला दोन समुद्र

बाळा, नोकरी सोडून शेती करायला गावाकडं आलास, बरं केलंस. पण दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून हवामानाच्या नकाशावर समुद्रातले रंगीत भोवरे बघतोस आणि गोठ्याचा सुटलेला पत्रा काही तुला दिसत नाही, म्हणून आत्याला हे लिहावं लागतंय. भोवरे बघू नकोस असं मी म्हणत नाही. आपल्या जिल्ह्याला वीतभर किनारा नाही, तरी आपलं पीकपाणी समुद्रच ठरवतो. कुठला समुद्र आणि कधी, एवढं मात्र कळलं पाहिजे.

१. आधी आपलं रान कुठल्या समुद्राचं पाणी पितं ते ओळख – अकोले तालुक्यातल्या घाटाला अरबी समुद्र भरभरून पाजतो. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डीची भिस्त बरीचशी परतीच्या पावसावर आणि बंगालच्या उपसागरावर.

२. घाटघर-रतनवाडीला कोसळतोय अशी बातमी आली म्हणून लगेच पाभर बाहेर काढू नकोस – नैऋत्येचं ओलं वारं कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या डोंगरांवर चढता चढता गार होतं, तिथंच रिकामं होतं आणि आपल्याकडं उतरतं ते कोरडं होऊन. तिकडं वर्षाला काही हजार मिलिमीटर, नगर शहरात साडेपाचशेच्या आसपास. घाटानं प्यावं, पारनेरानं पाहावं.

३. पण तो पाऊस आपला नाही म्हणून बेफिकीरही राहू नकोस, तो नदीनं येतो – भंडारदरा-निळवंडे भरलं की प्रवरा फुगते, नाशिककडं बरसलं की नांदूर मधमेश्वरातून गोदावरी कोपरगाव-पुणतांब्याला येते, पुण्याकडची धरणं भरली की भीमा श्रीगोंदा-कर्जतच्या काठाला लागते. वर आभाळ निरभ्र असतं आणि खाली पाणी चढत असतं.

४. विसर्गाचा आकडा वाढायला लागला की नदीवरची मोटार आणि स्टार्टर उजेडातच वर काढ – एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर पाणी, आणि असे हजारो क्युसेक अंधारात आले तर मोटारीपेक्षा माणसाचीच काळजी पडते.

आता मृगाचं. या दिवसांत तुम्हा पोरांच्या अंगात जे काही संचारतं, ते मला नवीन नाही.

५. केरळात मान्सून आला म्हणून बांधावर येऊन उभा राहू नकोस – तिथली सरासरी तारीख १ जून, पण २०२३ साली तो ८ जूनला आला आणि मुंबईला पोचायला २५ जून उजाडला. २०२५ साली २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत. तारीख पंचांगात असते, पाऊस वाऱ्यावर असतो.

६. जूनच्या तोंडावर अरबी समुद्रात वादळ उठलं तर ते कुठं निघालंय ते आधी बघ – २०२३ च्या बिपरजॉयनं किनाऱ्यापासून लांब राहून सगळं बाष्प स्वतःकडं ओढलं, १५ जूनला कच्छात उतरलं आणि आपण इथं कोरडे ढग मोजत बसलो. असं वादळ फिरतंय तोवर बियाण्याची पिशवी शिवलेलीच बरी.

७. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस आणि वीतभर ओल झाल्याशिवाय पेरू नकोस – वरची चार बोटं भिजली की बी उगवतं, पण पुढच्या खंडात कोमही जळतो आणि दुबार पेरणीचं बियाणं कुणी फुकट देत नाही. कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी ओढून ठेवतो, तुला आठवडा थांबवत नाही होय रे?

८. शेतात पर्जन्यमापक लाव आणि रोज सकाळी एकाच वेळेला वाच – एकरभर रानावर एक मिलिमीटर पडला म्हणजे चार हजार लिटर पाणी आलं, आणि ‘बक्कळ झाला’ या शब्दावर काही पीक ठरवता येत नाही. हिवरे बाजारला पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून गाव पिकं ठरवतं; तुला तुझ्या दोन एकरांचा तरी मांडता यावा.

वादळ म्हणजे कोकणाचं दुखणं, असं आपल्याकडं फार दिवस म्हणत होते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, घाट चढलं आणि पुणे-नगर-नाशिककडून पुढं गेलं. जोर कमी झालेला होता, तरी पत्रे, शेडनेट, विजेचे खांब यांना तेवढा जोर पुरला. त्या दिवसापासून ते म्हणणं बंद झालं.

९. पत्र्याचे हूक वर्षातून दोनदा आवळ, अक्षय तृतीयेला आणि दसऱ्याला – अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः मे-जूनला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला उठतात. मधल्या दिवसांत पाणी तापलेलं असलं तरी वरचे आणि खालचे वारे उलट दिशेनं वाहतात आणि वादळाला मूळ धरू देत नाहीत. वादळाचं नाव गावभर, पत्रा जातो हुकाभर.

१०. शेडनेटच्या कडा वादळाच्या आदल्या दिवशीच सोडून दे – वारं आरपार गेलं तर जाळी वाचते, आत कोंडलं तर सांगाड्यासकट उचलतं.

११. उन्हाळ कांदा काढून पडला असेल आणि समुद्रात हालचाल दिसली तर आधी पोळ लाव, पातीनं झाक, मग ताडपत्री घाल, पायथ्याला चर काढ – पाऊस वरून भिजवतो त्याहून जास्त नासाडी बुडाला साचलेलं पाणी करतं.

१२. आणि पाऊस उघडला की ताडपत्री त्याच दिवशी काढायची, चाळीचे पडदेही वर करायचे – झाकलेल्या कांद्याला आतून घाम येतो, तो तापतो, मानेशी काजळी धरते आणि महिनाभरानं चाळीजवळ नाक धरून उभं राहावं लागतं. ‘उद्या काढू’ म्हणणाऱ्याचा कांदा व्यापारी उद्याच्याच भावानं घेतो.

१३. वादळ ओमानकडं गेलं म्हणून सोयाबीनचा ढीग उघडा टाकून झोपू नकोस – २०१९ च्या ऑक्टोबरातलं क्यार महाराष्ट्राला शिवलंसुद्धा नाही, समुद्रातच लांब जाऊन विरलं. तरी त्या दिवसांत ढग आपल्यावर रिते झाले आणि कापलेलं पीक ढिगातच मोडलं.

१४. वादळाच्या वाटेची रेघ बघशील तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंचा पट्टाही बघ – एक दिवस आधीच्या अंदाजातसुद्धा केंद्र ७०-८० किलोमीटर इकडंतिकडं होऊ शकतं, म्हणजे जवळपास नगर ते शिर्डी. दहा दिवसांपुढचा नकाशा तर करमणुकीपुरताच बघावा.

१५. पिवळा म्हणजे लक्ष ठेव, केशरी म्हणजे तयारी कर, लाल म्हणजे हातातलं टाकून जिवाचं बघ – इशारा जिल्ह्याला असतो, आणि आपला जिल्हा राज्यात सगळ्यात मोठा. अकोले तालुक्याच्या घाटामुळं आलेल्या केशरीवर जामखेडात हसू नये आणि रडूही नये, खाली ‘घाटमाथा’ लिहिलंय का ते वाचावं.

आता दुसरा समुद्र. तुझं लक्ष सगळं मुंबईच्या बाजूला, पण तुझी ज्वारी पूर्वेकडं तोंड करून उभी असते.

१६. जुलै-ऑगस्टात पावसानं दडी मारली की ओडिशा-आंध्रच्या किनाऱ्याकडं नजर ठेव – तिथं कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन विदर्भ-मराठवाड्याकडं सरकलं की आपल्याकडंही आभाळ हलतं. त्या खंडात आभाळाकडं बघत बसण्यापेक्षा कोळपणी करून घे. भेगा बुजल्या की ओल टिकते.

१७. हस्ताच्या पावसाआधी बांधबंदिस्ती उरकून ठेव – सप्टेंबरअखेरीचा हा पाऊस दुपारनंतर गडगडत येतो, तासाभरात पडून जातो आणि रब्बीच्या ज्वारीचा सगळा भरवसा त्याच्यावर. बांध फुटका असेल तर तुझी ज्वारी खालच्या शेतकऱ्याच्या रानात पिकते.

१८. त्या दिवसांत झाडाखाली जनावर बांधू नकोस आणि स्वतःही थांबू नकोस – परतीच्या पावसात विजा जास्त. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये ठेव. दिवसभर फोन हातात असतोच, निदान त्याचा हा उपयोग होऊ दे.

१९. दुष्काळी भाग म्हणून ओढ्यात घर-गोठा बांधू नकोस, आजोबांनी बांधलं नव्हतं – बंगालच्या उपसागराकडून एकामागून एक कमी दाब आले की २०२५ च्या सप्टेंबरासारखी सीना पात्र सोडून येते, आणि मग टँकरची सवय असलेल्या गावांना होड्या शोधाव्या लागतात.

२०. नोव्हेंबर-डिसेंबरात तमिळनाडू-आंध्रावर वादळ आलं की डाळिंब, द्राक्ष, हरभरा तिन्ही सकाळी फिरून बघ – पाऊस नाही पडला तरी ढगाळ, दमट हवा इथवर येते. तेल्या, डाऊनी आणि घाटे अळी तेवढ्यावर माजतात.

राहिला लांबचा समुद्र. त्याचं नाव घेऊन बियाणंवाले, सावकार आणि टीव्हीवाले सगळेच घाबरवतात.

२१. एल निनो म्हटलं की बी-भरण विकायला काढू नकोस, फक्त कमी पाण्याची पिकं वाढव – प्रशांत महासागर मध्यावर आणि पूर्वेला तापला की आपला पाऊस बहुतेकदा ओढ देतो, १९७२ आणि २०१५ तशीच गेली, २०२३ चा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा. पण १९९७ ला एवढा जबर एल निनो असूनही देशाचा पाऊस सरासरीला पोचला.

२२. म्हणून हिंदी महासागराचाही पारा विचार – त्याचं तराजूच आहे: आफ्रिकेकडचं पारडं तापून इंडोनेशियाकडचं गार राहिलं तर ते सहसा आपल्या बाजूनं झुकतं. १९९७ ला झुकलं होतं, २०१९ लाही. १९ चा पाऊस तर जायचं नाव घेईना. शास्त्रज्ञांनी या तराजूला नाव दिलं १९९९ साली, तेव्हा आपल्या जुन्या लोकांना ते ठाऊक नव्हतं म्हणून हसू नकोस.

२३. सगळ्या देशाला ‘सरासरीइतका’ म्हणाले तरी उसाची नवी लागण विहीर बघूनच कर – देशाच्या सरासरीत चेरापुंजीही असते.

२४. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा हवामान सल्ला वाच, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा असेल तर दोनदा वाच – त्यात भोवरे नसतात, पण फवारणी आज करायची की थांबायचं ते असतं.

२५. एवढं करूनही पेरावं की नाही कळेना, तर मला फोन कर, फक्त दुपारी दोन ते चार नको – आणि केलास तर ‘आत्या, पाऊस पडेल का’ असं विचारू नकोस, मापकात किती आणि ओल किती खोल ते सांग.