जुन्या ट्रकचें एंजिन व हेडाचा तडा

विहिरीवरील पंपास किंवा मळणीयंत्रास जोडण्याकरितां कांहीं शेतकरी जुन्या ट्रकचें डिझेल एंजिन विकत घेतात. नव्याच्या मानानें तें स्वस्त पडतें. परंतु हेड तडकलेलें निघाल्यास ही स्वस्ताई भर उन्हाळ्यांत ऊंस वाळूं लागल्यावर कळून येते. म्हणून खरेदीपूर्वीं काय पाहावें, याचा येथें विचार करूं.

तडा कां पडतो? टाटाचें ६९७ एंजिन घ्या. नांवांतील ६ हा सिलिंडरांचा व ९७ हा मिलिमीटरांत त्यांच्या व्यासाचा आंकडा होय. प्रत्येक सिलिंडरावर हेडांत हवा घेणारी एक व धूर सोडणारी एक अशा झडपा असतात. त्यांच्या बैठकींमधील बिडाची पट्टी अरुंद असते. पाणी कमी पडून हेड तापलें म्हणजे ही पट्टी प्रसरण पावूं पाहते, पण भोंवतालचें बीड तिला वाव देत नाहीं; मग निवतांना ती ताणली जाऊन तडकते. तापलेल्या एंजिनांत एकदम थंड पाणी ओतणेंही तितकेंच घातक आहे.

परीक्षा पुढीलप्रमाणें करावी :

१. एंजिन पूर्ण थंड असतांनाच आपल्यासमोर सुरू करवावें. अगोदर तापविलेलें असल्यास निवेपर्यंत थांबावें.

२. सुरू करण्यापूर्वींच रेडिएटरचें झांकण काढून पाण्यावर तेलाचा तवंग आहे काय, व सुरू होतांच बुडबुडे सतत येतात काय, हें पाहावें. तापल्यावर झांकण कधींही उघडूं नये.

३. मोजपट्टीवरील तेल दुधाळ दिसल्यास त्यांत पाणी मिसळलें असें समजावें.

४. एंजिन चांगलें तापल्यावरही पांढरी वाफ निघत राहिली व पाणी घटत गेलें, तर संशय धरावा.

मात्र गॅस्केट जळल्यानेंही हींच चिन्हें दिसतात. उलट कांहीं तडे हेड तापल्यावरच उघडतात. यास्तव शेवटचा निर्णय हेड उतरवूनच करावा. कारखान्यांत पाण्याच्या वाटा बंद करून हेड गरम पाण्यांत बुडवितात व आंत दाबाची हवा सोडतात. बुडबुडे आले तर तडा पाण्यापर्यंत गेला आहे. बिडास डाग देऊन तडा बुजवितां येतो, पण सबंध हेड अगोदर सारखें तापवून सावकाश निववावें लागतें. नाहींतर शेजारींच नवा तडा जातो.

विसार देतांना तोंडी बोलण्यावर विसंबूं नये. पावतीवर एंजिनाचा नंबर लिहून तो ट्रकच्या नोंदणीपत्रकाशीं ताडावा, आणि 'दाबपरीक्षेंत हेड फुटकें ठरल्यास विसार परत', अशी अट स्पष्ट घालावी. परीक्षेचा खर्च कोणाकडे, हेंही त्यांतच लिहावें. किंमतींत हेड, गॅस्केट, मजुरी व वाहतूक मिळवूनच सौदा स्वस्त कीं महाग तें ठरवावें.

शेवटीं एक गोष्ट. रस्त्यावर धांवणाऱ्या ट्रकला समोरचा वारा मिळतो. विहिरीवर उभ्या एंजिनास तो मिळत नाहीं. तेव्हां पंखा व रेडिएटर नीट ठेवावे, एंजिन मोकळ्या सावलींत बसवावें आणि तापमानाच्या कांट्यावर नजर असावी. चांगलें हेडही बेपर्वाईनें एका दिवसांत तडकतें.