नगर रोडला निघालेल्या सोनूस

इंदापूर

चि. सोनूस,


तुझ्या पत्रातला एक प्रश्न डोक्यातून जाईना. फादर झाल्यावर रोमला जाऊन डॉक्टरेट करायची, मग सेमिनरीत शिकवायचं. या वाटेनं गेलं की माणूस बिशप होतो का, असं तू विचारलंस. तुझ्या वयाला असं वाटणं गैर नाही, आणि मी उत्तर टाळणार नाही.

बिशपपदाला अर्ज नसतो, परीक्षा नसते. वय किमान पस्तीस हवं, गुरुदीक्षेला पाच वर्षं झालेली हवीत आणि बायबल, ईशज्ञान किंवा चर्चचा कायदा यांतली मोठी पदवी, निदान तेवढा अधिकार तरी हवा. पोपचे दिल्लीतले प्रतिनिधी गुप्तपणे चौकशी करतात, तीन नावं रोमला जातात आणि शेवटी पोप नेमणूक करतात. पद मिळालंच तरी पंचाहत्तरीला राजीनामा पाठवायचा असतो. यात तुझ्या धडपडीला जागा कुठे आहे, सांग बरं? उलट धडपड दिसली की फादर लोकांच्या मनातून उतरतो.

थॉमस डाबरे यांचंच बघ. वसईच्या भुईगावचा मुलगा. गुरुदीक्षा झाल्यावर त्यांनी अभ्यासाला विषय घेतला तो तुकोबांचा. तुकोबांच्या ईश्वरानुभवावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९८७ साली पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठानं छापला. १९९० मध्ये ते मुंबईचे साहाय्यक बिशप झाले, १९९८ मध्ये नव्या वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप, आणि २००९ ते २०२३ आपल्या पुण्याचे. ज्या तुकोबांवर त्यांनी प्रबंध लिहिला, त्यांची पालखी दरवर्षी याच धर्मप्रांतातून, बारामतीवरून, बेलवाडीचं रिंगण करून, निमगाव केतकीवरून आपल्या इंदापुरात येते. तुकोबा वाचायला बसलेल्या त्या तरुण फादरांच्या मनात पुण्याचं बिशपपद असेल असं मला मुळीच वाटत नाही. त्यांना तुकोबा हवे होते. तसं काहीतरी तुला हवंसं वाटायला लागू दे.

आता पुढच्या वर्षांविषयी. तू ज्या पेपल सेमिनरीत चाललास ती पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला सुरू केली; या देशाचे धर्मगुरू याच मातीतून तयार व्हावेत ही त्यामागची इच्छा. १९५५ मध्ये ती पुण्यात नगर रोडला आली. तिथं आधी तत्त्वज्ञान शिकशील, मग बाहेर राहून प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेशील, मग ईशज्ञान. पंचविशीच्या आत गुरुदीक्षा सहसा होत नाही. घाई कुणालाच नाही, तूही करू नकोस.

तिथला अभ्यास इंग्रजीत, सोबतची मुलं देशभरातली. दोन-तीन वर्षांत तुझं मराठी गंजेल आणि तुला कळणारही नाही. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, परक्या भाषेत मुरले आणि १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, हजारो ओव्यांचं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ चालवलं, ‘सुबोध बायबल’ लिहिलं, हरित वसईसाठी लढले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तुझा तर जन्मच या भाषेतला. रोज रात्री एक पान मराठी लिही, प्रवचनाचं असो की घरच्या आठवणीचं. बारामतीच्या मोरोपंतांची केकावली पाठ कर म्हणत नाही, पण उघडून तरी बघ.

प्रत्यक्ष कामाच्या वर्षासाठी मोठ्या शहरातली शाळा मागू नकोस. दिवाळीच्या सुमारास भवानीनगर आणि माळेगावच्या कारखान्यांभोवती ऊसतोड कामगारांच्या कोपी पडतात. तिथली पोरं अर्धं वर्ष शाळेबाहेर असतात. अशा लोकांत राहू द्या म्हणून वरिष्ठांना विनंती कर. उद्या खरंच सेमिनरीत शिकवायची वेळ आली, तर तुझ्यासमोर बसलेली मुलं अशाच लोकांत जाणार असतील, आणि त्यांना काय सांगायचं ते कुठल्याही ग्रंथालयात मिळणार नाही. मुलांना घडवण्याचं काम मी शाळेत जन्मभर केलंय, म्हणून सांगते: पुढच्या पन्नास वर्षांचे फादर ज्याच्या हातून घडतात, त्याची जबाबदारी बिशपांपेक्षा कमी नाही.

एक गोष्ट नीट समजून घे. सेमिनरीचे प्रमुख, म्हणजे रेक्टर, तुझ्याविषयी अहवाल देतील. पण आध्यात्मिक मार्गदर्शकांचं मत तुझ्या दीक्षेच्या निर्णयात विचारायचं नाही, असा चर्चचा कायदाच आहे. म्हणून त्यांच्यापाशी मन उघडं कर. एकटेपणा, एखाद्या मुलीची ओढ, राग, श्रद्धेतली शंका, जे असेल ते. लपवलेलं पुढे दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात फुटतं. चर्चमध्ये लहान मुलांवर झालेले अत्याचार आणि ते झाकणारे वरिष्ठ, हे सगळं जगासमोर आलंच आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये नियम काढला की अशी गोष्ट कळली तर फादरांनी आणि धर्मभगिनींनी ती वर कळवलीच पाहिजे. तो नियम वाच. लेकराशी एकांतात कसं वागायचं, कसं नाही, हे आत्ताच शिकून घे. आणि संस्थेचं नाव राखायला कुणी गप्प बस म्हणालं, तर त्याचं ऐकू नकोस.

जातीचंही तसंच. बाप्तिस्म्यानं जात जायला हवी होती, पण आपल्यात ती जेवणाच्या पंगतीत आणि लग्नाच्या बोलण्यात अजून डोकावते. तुझ्या टेबलावर कधी डोकावली तर हसून सोडून देऊ नकोस.

पैशाचा हिशेब पहिल्या दिवसापासून लिही. धर्मप्रांताचा फादर गरिबीचं व्रत घेत नाही, ते संन्यासी संघाच्या फादरांना असतं. तुला ब्रह्मचर्य आणि बिशपांचं आज्ञापालन एवढीच वचनं द्यायची आहेत, त्यामुळे साधं राहायचं की नाही हे तुझं तुलाच ठरवावं लागेल.

आणि मध्येच वाटलं की ही आपली वाट नव्हे, तर रेक्टरांना स्पष्ट सांग आणि घरी ये. गावात चार लोक बोलतील. त्यांच्याशी मी बोलेन. तुझ्या आईलाही मी हे सांगून ठेवलंय, ती रडली, पण तिनं मान्य केलं. दीक्षा घेऊन मनानं बाहेर राहिलेला फादर लोकांना नको असतो.

नाताळच्या सुट्टीत येशील तेव्हा मराठी लिखाणाची वही घेऊन ये. मी तपासणार आहे, लाल शाईनं.

तुझी,
आत्या