धडाचे झांकलेले स्नायू

पोटाचा व्यायाम म्हटला कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीपुढें आरशांत दिसणारे स्नायू उभे राहतात. धड पुढें वांकविणें हें त्यांचें काम. परंतु त्यांच्या आड, पोटाभोंवतीं कमरपट्ट्यासारखा आडवा वेढलेला एक पातळ स्नायू आहे; मागें मणक्यास मणका जोडणारे आंखूड स्नायू आहेत; वर श्वासपटल व खालीं ओटीपोटाचा तळ. कणा सांवरून धरण्याचें काम बरेंचसें या झांकलेल्या मंडळीकडे असतें.

ऑस्ट्रेलियांतील हॉजेस व रिचर्डसन या संशोधकांनीं १९९६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. उभ्या मनुष्यानें हात झटकन् हलविला असतां धडाच्या स्नायूंपैकीं प्रथम जागा होतो तो हा आडवा स्नायू. मग हात कोणत्याही दिशेस जावो. कंबरदुखीनें त्रासलेल्यांत मात्र तो उशिरा जागा होत असे.

त्याला जागा करण्याचा व्यायाम फार सौम्य आहे. गुडघे दुमडून उताणें निजावें, श्वास हलकेच सोडावा व बेंबीखालचें पोट कण्याकडे किंचित् ओढावें. पाठ हलूं नये. मग श्वासोच्छ्वास चालू ठेवून मनांत दहा अंक मोजावे. जोर केला कीं बाहेरचे बलदंड स्नायू पुढें सरसावतात आणि आंतला तसाच निजून राहतो! हें साधल्यावर रांगत्या बाळाप्रमाणें ओणवें होऊन उजवा हात व डावा पाय लांब करावा. पाठीवर पाण्याचा पेला ठेवला तरी सांडूं नये, इतकें स्थिर राहावें.

पुढें झालेल्या तुलनांत, जुनाट कंबरदुखीवर हा व्यायाम इतर नियमित व्यायामांहून दीर्घकाळांत विशेष सरस ठरला नाहीं. तेव्हां पालकांनीं मुलांचें पोहणें-खेळणें बंद करून त्यांस चटईवर निजवूं नये. मुलाची पाठ आठवडेच्या आठवडे दुखत राहिली, तर मात्र डॉक्टरांस दाखवावें.