घरच्या कॉम्प्युटरला विकतचा अँटिव्हायरस हवाच का?

प्रश्न : नव्या लॅपटॉपसोबत आलेल्या अँटिव्हायरसची मुदत संपली. आता रोज 'नूतनीकरण करा' असा इशारा येतो. पैसे भरावेत का? – एक वाचक, सातारा

उत्तर : घाई करू नका. ती चाचणी आवृत्ती होती. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर मुळातच असतो; दुसरा अँटिव्हायरस चालू असला की तो बाजूला होतो. म्हणून मुदत संपलेला प्रोग्रॅम 'सेटिंग्ज'मधून काढून टाका आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. मग 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये हिरवी खूण दिसते का आणि शेवटचे अपडेट कधीचे आहे, ते पाहा. बँकेची कामे, बिले, मुलांचा अभ्यास एवढ्याला हे पुरते.

विकत घ्यायचाच असेल, तर पुण्याच्या क्विक हीलसह कुठल्याही कंपनीचा घ्या. पण आधी जर्मनीतील एव्ही-टेस्ट किंवा ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्हज या संस्थांचे ताजे निकाल चाळा. पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा दर विचारा. आणि दोन अँटिव्हायरस एकत्र नकोत. ते एकमेकांच्या पायात पाय घालतात.

विंडोज १० वापरत असाल, तर त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. अँटिव्हायरसच्या आधी तिकडे बघा. फुकटचे 'क्रॅक' सॉफ्टवेअर टाकण्यासाठी डिफेंडर बंद करायला सांगणारा ओळखीचा 'जाणकार' मात्र घराबाहेरच ठेवा. महत्त्वाच्या फाइल्सची प्रत एका वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झाले की ती डिस्क काढून ठेवा, कारण जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स अडकवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, तीही कुलूपबंद करते.