ओंकारला पत्र

चि. ओंकार यास,


काल ताईचा फोन आला. तुझ्या कॅमेऱ्यासाठी पाटल्या गहाण पडल्या. ‘मीच काढून दिल्या’ म्हणाली, तुझी बाजू घेत. ‘फिल्म कशावर?’ विचारलं, तर ‘नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्यांवर’ यापुढे तिला सांगता येईना.

राग गहाणाचा नाही. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सत्यजित रायांनी बायकोचे दागिने. पण ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी फाळक्यांनी वाटाण्याचा अंकुर वाढताना टिपला, आणि तो दाखवून भांडवल मिळवलं. रायांकडे चित्रांनी भरलेली वही होती. तुझ्याकडे कागदावर काय आहे? राहुटीत कोणाची गोष्ट सांगणार? सुपारी ठरवणाऱ्या मॅनेजरची, की पोराला थोपटून निजवणाऱ्या आणि मग तोंडाला रंग लावणाऱ्या बाईची? जत्रांचा हंगाम सरला की राहुट्या उठतात. ‘पथेर पांचाली’च्या काशफुलांचं काय झालं, ठाऊक आहे ना? १९५२च्या ऑक्टोबरात एक दिवस शूटिंग झालं. आठवड्याने परत गेले, तर गुरांनी फुलं फस्त केलेली. पुढच्या वर्षी फुलं येईपर्यंत तो प्रसंग अडला. तुझं व्याज थांबेल का रे तितके दिवस? कागदावर काय आहे, ते आधी सांग.

मीही असाच निघालो होतो. आजीच्या जात्यावरच्या ओव्या घ्यायला उसना टेपरेकॉर्डर घेऊन गावी गेलो. आदल्या रात्री पोरांना सिनेमाची गाणी ऐकवत बसलो. पहाटे आजी दळायला बसली आणि तिसऱ्या ओवीला सेल बसले. जास्तीचे आणलेच नव्हते. पुढे नवे सेल घालून लावलं, तर तिचा आवाज चिमणीसारखा बारीक, धावत सुटलेला. पुढच्या सुट्टीत पुन्हा करू म्हटलं. त्या सुट्टीत घरात नुसतं जातं होतं.

पहिल्या दोन ओव्या मात्र नीट आल्यात. त्यांत खुंटा फिरला की पाटल्या बांगड्यांवर वाजतात. त्याच पाटल्या, ओंकार.

फार बोललो. तू आमच्या घरातला पहिलाच, ज्याला असं काही करावंसं वाटलं आणि जो थांबला नाही. पाटल्या सोडवायचे पैसे मी देतो, ताईला परत नेऊन दे. कॅमेरा असू दे. शनिवारी वही घेऊन ये, ओसरीवर बसू. कोरी असली तरी चालेल. मामी थालीपीठं लावणार आहे. जेवणं झाली की ती टेप ऐकू. सेल मी आणून ठेवलेत.

तुझा,
मामा